'कारण' नावाचा रकाना: समाजकार्य आणि चिकित्सक वास्तववाद

शेतकऱ्याने जीव दिला की कागद चालू लागतात. पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सातबारा, बँकेचा नाहीतर सोसायटीचा थकबाकीचा दाखला, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जबाब. २००५-०६ पासून महाराष्ट्रात या कागदांवरून प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे ठरू लागले, आणि पात्र ठरलेल्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत मिळू लागली. नापिकी, बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज, वसुलीचा तगादा, एवढे कागदावर जुळावे लागते. 'प्यायचा' असे कुणी सांगितले की कारण व्यसन. मुलीचे लग्न मोडले होते, तर कारण कौटुंबिक. बियाणे आणि खत ज्या दुकानातून उधारीवर उचलले, त्या दुकानदाराच्या वहीतली रक्कम कुठल्याच दाखल्यावर येत नाही. म्हणून ते कर्ज नसतेच.

समाजकार्य शिकलेल्या माणसाला या कागदापुढे दोन वाटा शिकवलेल्या असतात. पहिली मोजण्याची. शंभर घरे आत्महत्या झालेली घ्या, शंभर न झालेली घ्या, कर्ज, व्यसन, नापिकी, आजारपण असे घटक मांडा आणि कुणाचे वजन किती ते काढा. दुसरी ऐकण्याची. 'व्यसनी' हा शिक्का कोणी मारला, कोणाच्या सोयीसाठी मारला, आणि 'शेतकरी आत्महत्या' हा वर्गच मुळात शासन निर्णयातून कसा जन्माला आला, हे उलगडा. दोन्ही वाटा खऱ्या आहेत आणि दोन्हींवर चांगले काम झाले आहे. मात्र पहिली टक्केवारीपाशी थांबते आणि दुसरी 'ज्याचे त्याचे सत्य' इथे येऊन बसते. मागे राहिलेली बाई विचारते, "आमच्याच घरात का?" साहेब विचारतात, "कर्ज तर सगळ्या गावाला आहे, बाकीच्यांनी का नाही केली?" एकीच्या स्वरात दुःख आहे, दुसऱ्याच्या स्वरात संशय, प्रश्न मात्र एकच आहे. चिकित्सक वास्तववाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विचाराची समाजकार्याला खरी गरज या प्रश्नापाशी पडते, असे माझे मत आहे. तो विचार काय आहे, समाजकार्याने त्याचे गेल्या पाव शतकात काय केले आणि कुठे तो अपुरा पडतो, याचा हा आढावा.

आधी नावाविषयी. याच नावाचा एक जुना अमेरिकन संप्रदाय होता. लव्हजॉय, सांतायाना, सेलर्स वगैरेंनी १९२० साली त्याचा निबंधसंग्रह काढला होता. तो वेगळा. आपण ज्याविषयी बोलतो आहोत तो रॉय भास्कर (१९४४–२०१४) यांच्यापासून सुरू झालेला. वडील भारतीय डॉक्टर, आई इंग्रज, जन्म लंडनचा. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी प्रबंधाला विषय घेतला तो अविकसित देशांना अर्थशास्त्राचे सिद्धान्त कितपत लागू पडतात हा. काम करता करता त्यांच्या ध्यानात आले की या शास्त्राच्या पद्धतीत जगाविषयी बोलायला जागाच नाही. मग ते रोम हॅरे यांच्याकडे विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाकडे वळले. १९७५ मध्ये निसर्गविज्ञानावरचे आणि १९७९ मध्ये समाजविज्ञानावरचे त्यांचे पुस्तक आले. समाजकार्याच्या अभ्यासकांनी पुढे जे काही उचलले त्यातला बराचसा भाग या दोन पुस्तकांतला आहे.

भास्कर यांचा पहिला प्रश्न साधा होता. शास्त्रज्ञाला प्रयोगशाळा लागते कशाला? निसर्गाचे नियम म्हणजे 'अमुक झाले की तमुक होते' अशी नियमितता असेल, तर ती बाहेर उघड्यावर दिसायला हवी. ती दिसत नाही. बाहेर दहा शक्ती एकाच वेळी काम करत असतात, एक दुसरीला अडवते, तिसरी चौथीला जोर देते. पान गळून वाऱ्याने वर उडाले म्हणून गुरुत्वाकर्षण रजेवर गेले असे होत नाही. प्रयोगशाळा बाकीच्या शक्ती बाहेर ठेवून एकीला मोकळी करते, एवढेच. तेव्हा नियम म्हणजे घटनांची माळ नसून वस्तूंच्या अंगची ताकद आहे. ती असते, पण दर वेळी कामाला लागत नाही. कामाला लागली तरी दर वेळी तिचा परिणाम दिसत नाही. आणि परिणाम झाला तरी तो कुणी पाहतोच असे नाही. यातून वास्तवाचे तीन थर निघतात: घडवण्याची ताकद, प्रत्यक्ष घडलेले, आणि त्यापैकी अनुभवाला आलेले.

पेरणी केलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. बियाण्यात उगवण्याची ताकद असते, पण वाफसा नसेल तर ते उगवत नाही. कोठीत पडलेल्या बियाण्यातही ती ताकद असतेच. उगवले नाही म्हणून ताकद नव्हती असे म्हणणे जितके चुकीचे, तितकेच उगवले म्हणून सगळे श्रेय बियाण्याला देणेही चुकीचे.

या ताकदींसाठी इंग्रजी लेखनात जो शब्द वापरतात त्याला मराठीत 'यंत्रणा' म्हणावे तर पंचाईत होते. आपल्याकडे यंत्रणा म्हटले की 'यंत्रणा सज्ज' आठवते आणि डोळ्यांपुढे लाल दिव्याची गाडी येते. म्हणून मी इथे 'कारकयंत्रणा' म्हणतो. शब्द जडच आहे, पण निदान गाडी तरी येत नाही.

या मांडणीतला समाजकार्याच्या सर्वांत कामाचा मुद्दा म्हणजे ज्याला भास्कर ज्ञान आणि अस्तित्व यांची गल्लत म्हणत. आपल्याला जे कळते किंवा मोजता येते तेवढेच आहे असे धरून चालणे, ही ती गल्लत. दुकानदाराच्या वहीतले कर्ज दाखल्यावर नाही, म्हणून ते कारण नाही. प्रश्नावलीत 'भीती' हा पर्याय नव्हता, म्हणून कुणाला भीती नव्हती. मोजणारे ही चूक आकड्यांच्या बाजूने करतात आणि ऐकणारे बोलण्याच्या बाजूने. जे बोलले गेले तेवढेच जग, असे त्यांचेही होते. वास्तववादी म्हणतो, जग आपल्या माहितीपेक्षा मोठे आहे आणि आपली माहिती कायम काळाची, जागेची, जातवर्गाची असते. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. आणि माहिती सापेक्ष असली तरी दोन स्पष्टीकरणांपैकी कोणते जास्त समजावून सांगते याचा निवाडा करता येतो. 'सगळे सारखेच खरे' असे म्हणून हात झटकता येत नाहीत.

अनुभवाला जे आले त्यावरून खालच्या थरापर्यंत जायचे कसे? इथे रिवाजाने जो इंग्रजी शब्द येतो त्याच्यासाठी आपल्याकडे जुना आणि नेमका शब्द आहे: अर्थापत्ती. मीमांसकांचा देवदत्त दिवसा जेवत नाही आणि तरी जाडाच आहे. तेव्हा तो रात्री जेवत असला पाहिजे. रात्रीचे जेवण कुणी पाहिलेले नाही. पण ते गृहीत धरल्याशिवाय डोळ्यांसमोरच्या दोन गोष्टींची संगती लागत नाही. हे सामान्यीकरण नव्हे, शंभर जाडे देवदत्त मोजून काढलेला निष्कर्षही नव्हे. 'हे असे असायला आणखी काय असावे लागेल?' हा तो प्रश्न आहे. स्वीडनचे बर्थ डेनरमार्क आणि त्यांचे सहकारी यांच्या पद्धतिशास्त्रावरील पुस्तकात, ज्याची इंग्रजी आवृत्ती २००२ मध्ये आली, या प्रश्नापर्यंत नेणाऱ्या युक्त्या दिल्या आहेत. अमुक नसते तर तमुक संभवले असते का असे विचारून पाहा. टोकाची आणि बिघाडाची उदाहरणे पाहा, कारण नेहमी मुकाट काम करणारी गोष्ट तिथे उघडी पडते. वेगळी दिसणारी प्रकरणे शेजारी ठेवा. समाजकार्याच्या प्रबंधलेखकांनी भास्करांपेक्षा हे पुस्तक जास्त वापरले असावे, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

अशा अर्थापत्तीचे मला माहीत असलेले सर्वांत देखणे उदाहरण मात्र स्वीडनचे नाही. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. निबंधाच्या नावातच उगम आणि विकास यांच्या आधी जातींच्या 'यंत्रणे'चा उल्लेख आहे. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन चाली त्यांनी समोर ठेवल्या. वेगवेगळ्या पाहिल्या तर प्रत्येकीची निंदा करता येते, नाहीतर गुणगान. आंबेडकर विचारतात की या तिन्ही एकाच समाजात एकत्र का आहेत. उत्तर असे: मोठ्या समाजातल्या एखाद्या गटाला लग्ने आपल्यातच ठेवायची असतील तर लग्नायोग्य स्त्रिया आणि पुरुष यांची संख्या जुळवून ठेवावी लागते. नवरा मेला की बाई 'जादा' होते आणि तिने बाहेर लग्न केले तर गटाची वेस फुटते. म्हणून तिला जाळा नाहीतर विधवा ठेवा. बायको मेली की पुरुष 'जादा' होतो. त्याला जाळणे गटाला परवडत नाही, म्हणून त्याच्यासाठी अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी आणा. तीन चाली वर दिसतात आणि खाली एकच गोष्ट काम करते, ती म्हणजे गटांतर्गत विवाह. त्या चालींचे उदात्तीकरण करणारे तत्त्वज्ञान नंतर आले. चाली टिकवायच्या होत्या म्हणून ते आले.

भास्कर यांनी पुढे ज्याला स्पष्टीकरणातून निघणारी टीका म्हटले तीही इथे आहे. एखादी चुकीची समजूत ज्या व्यवस्थेमुळे टिकते ती व्यवस्था उघड करणे हे वर्णनही असते आणि टीकाही. समाजकार्याला हे सोयीचे आहे, कारण हा व्यवसाय मूल्यांशिवाय एक पाऊल टाकू शकत नाही आणि संशोधन करताना मात्र मूल्ये दाराबाहेर ठेवायला सांगितले जाते. १९१६ चा हा निबंध समाजकार्याच्या पद्धतिशास्त्राच्या वर्गात 'जात' या विषयाखाली नव्हे, 'कारणमीमांसा' या विषयाखाली शिकवायला हवा.

समाजकार्याला हे तत्त्वज्ञान मुळात का लागले, याला एक इतिहास आहे. मेरी रिचमंड यांनी १९१७ मध्ये व्यक्तिसहाय्यकार्यावरचा पायाभूत ग्रंथ लिहिला आणि त्याच्या नावातच 'निदान' हा वैद्यकातला शब्द आणला. मुंबईत क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले तेव्हा तीच अमेरिकन घडण इकडे आली. १९७३ मध्ये जोएल फिशर यांनी अमेरिकेतले अभ्यास तपासून विचारले की व्यक्तिसहाय्यकार्याचा उपयोग होतो याला पुरावा कुठे आहे. तो घाव बराच काळ भरला नाही. पुढे वैद्यकातून पुराव्याधिष्ठित कार्यपद्धती आली, ब्रिटनमध्ये ब्रायन शेल्डन आणि इतरांनी ती उचलून धरली, तर स्टीफन वेब यांनी २००१ मध्ये तिच्या गृहीतकांवरच बोट ठेवले. दुसऱ्या बाजूला रचनावाद, म्हणजे वर सांगितलेली ऐकण्याची वाट, जोरात होता. त्याच वर्षी बेलफास्टचे स्टॅन ह्यूस्टन यांनी ब्रिटिश जर्नल ऑफ सोशल वर्कमध्ये लेख लिहून म्हटले की रचनावादाने आपल्याला शब्दांविषयी सावध केले हे खरे, पण दुर्दैव आणि दडपणूक घडवणाऱ्या कारकयंत्रणा ओळखून त्यांना तोंड देणे हे आपले काम आहे आणि त्यासाठी त्या खऱ्या आहेत असे मानावे लागते. समाजकार्यातल्या या चर्चेचा आरंभ म्हणून बहुतेक जण या लेखाकडे बोट दाखवतात. नंतर अमेरिकेत जेफ्री लाँगहोफर आणि जेरी फ्लोअर्श यांनी २०१२ मध्ये समाजकार्याला कोणत्या प्रकारचे विज्ञान हवे याची चर्चा याच अंगाने केली. कॅरोलिन ऑलिव्हर यांनी त्याच वर्षी याची सांगड ग्राउंडेड थिअरी या संशोधनपद्धतीशी घातली. असे बरेच लेख आहेत. सगळ्यांची नावे घेण्यात अर्थ नाही. पुष्कळांत तत्त्वज्ञान प्रस्तावनेत असते आणि पुढे नेहमीच्याच मुलाखती, नेहमीचेच वर्गीकरण.

एक अभ्यास मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. सुझान फिट्झपॅट्रिक यांनी २००५ मध्ये ब्रिटनमधल्या बेघरपणावर लिहिले. तिथला वाद आपल्या ओळखीचा आहे: माणूस बेघर होतो तो दारूमुळे, मनोविकारामुळे, की घरे महाग आणि नोकऱ्या दुर्मीळ झाल्यामुळे? एव्हाना तिथे एक तडजोड रूढ झाली होती: समाजाची रचना परिस्थिती तयार करते आणि त्या परिस्थितीत दुबळी माणसे आधी घसरतात. ऐकायला बरे वाटते. फिट्झपॅट्रिक यांचा आक्षेप असा की यात काहीच समजावून सांगितलेले नाही, दोन याद्या एकमेकींना चिकटवल्या आहेत. त्यांनी चार थर सांगितले: अर्थव्यवस्था, घरांची व्यवस्था, कुटुंबातले आणि स्त्रीपुरुषांमधले संबंध, आणि व्यक्ती. यातला कोणताही एक थर प्रत्येक बेघरपणाला लागतोच असे नाही आणि कोणताही एक पुरेसा नाही. मारहाणीतून मध्यरात्री घर सोडणारी बाई आणि गिरणी बंद पडल्यावर भाडे थकलेला पुरुष एकाच फुटपाथवर भेटतात. तिथवर त्यांना आणणाऱ्या कारकयंत्रणा वेगळ्या असतात. तेव्हा 'बेघरांचे कारण' असा एकवचनी प्रश्नच सोडून द्यावा लागतो.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांकडे परत येऊ. मुंबई उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून टाटा समाजविज्ञान संस्थेने २००५ मध्ये अहवाल दिला. २००६ च्या जानेवारीत इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या सृजित मिश्रा यांचा अहवाल आला, आणि त्यात आत्महत्या झालेल्या घरांची न झालेल्या घरांशी तुलना होती. जोखमीचे घटक एकेकटे येत नाहीत, एकाच घरात जमून येतात, हे त्यातून पुढे आले. इथवर मोजणी नेते, आणि इथवर नेल्याबद्दल तिचे ऋण मानले पाहिजे. पुढचा प्रश्न अर्थापत्तीचा: ते जमून येतात का? कोरडवाहू कापूस, जागतिक बाजाराला बांधलेला भाव, कापसाची सरकारी एकाधिकार खरेदी मोडल्यावर उरलेला खासगी व्यापारी, आणि बियाणे, औषध, सल्ला, उधारी या चारही गोष्टी देणारे एकच दुकान. या दुकानाशी असलेले नाते कर्जाचे आहे तसेच सल्ल्याचेही आहे. पीक बुडाले की पैसा जातो आणि ज्याच्याकडे विचारायला जायचे त्याच्याच दारात तोंड दाखवायची लाज वाटते. मग लाज हा मानसिक घटक आणि कर्ज हा आर्थिक घटक असे दोन रकाने करता येत नाहीत. एकाच नात्याची ती दोन टोके आहेत. दारू कुठे येते तेही असेच पाहावे लागते. ती खरी आहे. तिला नाकारण्यात कुणाचे भले नाही. पण 'दारू की कर्ज' हा प्रश्न 'वीज पडून मेला की शेतात होता म्हणून मेला' यासारखा आहे.

भास्कर आणि डेनरमार्क यांनी २००६ मध्ये अपंगत्वाच्या संशोधनावर लिहिताना असेच सात थर सांगितले: भौतिक, जैविक, मानसिक, मनोसामाजिक, सामाजिक-आर्थिक, सांस्कृतिक आणि मूल्यात्मक. तिथला वाद वैद्यकीय प्रारूप आणि सामाजिक प्रारूप यांच्यातला होता. त्यांचे म्हणणे की कोणत्याही एका थरावर सगळे उतरवले की बाकीचे थर संपत नाहीत, फक्त दिसेनासे होतात. सातच का, याला मला पटणारे उत्तर सापडलेले नाही. पण थर वेगळे धरण्याचा एक व्यावहारिक फायदा आहे. हस्तक्षेप कुठे करायचा याची मोकळीक मिळते. श्रीलंकेने १९९५ मध्ये अतिविषारी कीटकनाशकांवर आणि १९९८ मध्ये आणखी एकावर बंदी घातली. पुढच्या दहा वर्षांत तिथले आत्महत्येचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. गरिबी संपली नव्हती, भांडणेही नाहीत. सर्वांत खोल कारण हेच सर्वांत महत्त्वाचे कारण, हा डाव्या विचारातून आलेला आपला संस्कार इथे थोडा बाजूला ठेवावा लागतो. आणि विष आटोक्यात आणले म्हणून कापसाच्या भावाचा प्रश्न सुटला असेही कुणी समजू नये.

कार्यक्रमांचे मूल्यमापन हे या विचाराचे सर्वांत पिकलेले शेत आहे. रे पॉसन आणि निक टिली यांच्या १९९७ च्या पुस्तकाने 'उपयोग होतो का?' या प्रश्नाच्या जागी 'कुणाला, कोणत्या परिस्थितीत, कशामुळे उपयोग होतो?' हा प्रश्न ठेवला. त्यांचे वाहनतळावरच्या कॅमेऱ्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. कॅमेरा चोरी थांबवत नाही. तो चोराच्या, मालकाच्या, रखवालदाराच्या मनात काहीतरी बदलतो आणि ते बदलणे जागेजागेवर वेगळे असते. म्हणजे पुन्हा बी आणि वाफसा. समाजकार्यात हे मन्सूर काझी यांनी २००३ च्या पुस्तकातून आणले.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर गडचिरोलीचे. राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत स्त्रियांकरवी घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू केली आणि ४७ गावे तुलनेला ठेवली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये हे लॅन्सेटमध्ये आले आणि २०११ मध्ये भारत सरकारने आशांमार्फत घरोघरी नवजात बालसेवा देशभर नेली: दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर सहा भेटी, घरच्या बाळंतपणानंतर सात, पूर्ण केल्यास २५० रुपये. मोजणाऱ्याला गडचिरोलीचा ६२ हा आकडा पुरतो. पॉसन आणि टिली वाचलेला माणूस विचारील की गडचिरोलीत नेमके कशाने काम केले? शिकवलेल्या कौशल्याने, १९८६ पासून त्या भागात राहिलेल्या संस्थेवरच्या विश्वासाने, पाठीशी उभ्या असलेल्या देखरेखीने, की आपल्याच गावातली बाई दार ठोठावते म्हणून सासूने बाळ दाखवण्याने? यातले भेटींच्या संख्येत काय उतरते आणि काय मागे राहते? आशाला या भेटी लसीकरण, सर्वेक्षणे आणि डझनभर नोंदवह्यांच्या मधून काढाव्या लागतात. बी तेच आहे. वाफशाची चौकशी जिल्ह्याजिल्ह्यात वेगळी करावी लागेल. यादृच्छिक चाचण्या आणि ही पद्धत यांची सांगड घालता येते का यावर २०१२-१३ मध्ये ख्रिस बॉनेल आणि त्यांचे टीकाकार यांच्यात वाद झाला. माझा कौल सांगड घालण्याच्या बाजूने आहे. तुलनेची गावे नसती तर बंगांचे कुणी ऐकले नसते.

उघड्या जगात समजावून सांगता येते, भाकीत करता येत नाही, हा या विचाराचा आणखी एक कडू घोट. २००० साली लंडनमध्ये व्हिक्टोरिया क्लिंबी या आठ वर्षांच्या मुलीचा पालकांच्या जागी असलेल्या दोघांच्या छळाने मृत्यू झाला. लॉर्ड लॅमिंग यांच्या २००३ च्या चौकशी अहवालात १०८ शिफारशी होत्या. त्यानंतर तिथे नमुने, मुदती, तपासणी याद्या वाढत गेल्या आणि २००७ मध्ये त्याच परिसरात पुन्हा एक बाळ छळाने गेले. आयलीन मन्रो यांनी बालसंरक्षणाच्या २०११ च्या आढाव्यात म्हटले ते थोडक्यात असे की नियम पाळले जातात का एवढेच पाहणारी व्यवस्था मुलाचे काय झाले हे पाहायला विसरते. मन्रो स्वतःला चिकित्सक वास्तववादी म्हणवत नाहीत; पण समाजसेवकाला सगळे आधीच कळायला हवे होते ही अपेक्षा बंद प्रयोगशाळेतली आहे, हे भास्कर वाचलेल्याला चटकन दिसते. कळायला हवे होते असे काही नसतेच, असा याचा अर्थ कुणी घेऊ नये.

प्रत्यक्ष कामात मला सर्वांत उपयोगी वाटतात त्या मार्गारेट आर्चर (१९४३–२०२३). रचना आधीपासून असते, माणूस तिच्यात जन्मतो, पण ती त्याला ढकलून नेत नाही. माणूस स्वतःशी जो संवाद करतो त्यातून ती झिरपते. हा संवाद त्यांनी २००३ च्या पुस्तकात प्रकारांत मांडला. काही जण दुसऱ्याशी बोलल्याशिवाय निर्णय पुरा करत नाहीत. काही एकटे ठरवतात. काही स्वतःच्या विचारांचीच झडती घेत राहतात. आणि काहींचा संवाद नुसता गरगरतो, त्यातून कृती निघत नाही, फक्त त्रास वाढतो. समजा, एकाच गावात दोन बायका मागे राहिल्या आहेत, जमीन सारखी, कर्ज सारखे. एक बचतगटात बसून, भावाला विचारून, चार जणींचे ऐकून वारस नोंदीला तलाठ्याकडे जाते. दुसरीचा संवाद गरगरतो आहे. तिला 'सक्षमीकरणाचे प्रशिक्षण' देणे म्हणजे वाफसा नसताना पेरणे. आधी तिच्याबरोबर बसायला कुणीतरी हवे, आणि बसणारीला हे ठाऊक हवे की तो गरगराट हा तिचा स्वभाव नाही. दीर, सासरा आणि सातबारा यांच्या मध्ये उभे राहिल्यावर कुणाचेही असेच होऊ शकते. आर्चर यांच्या मांडणीवर आक्षेप आहेत. हे सगळे फार पाश्चात्त्य, फार एकट्या माणसाचे आहे, सवयीला आणि रीतीला त्यात पुरेशी जागा नाही. आपल्या घरांत माणूस स्वतःशी बोलतो तेव्हाही चार जण ऐकत असतात, त्यामुळे तो आक्षेप इथे जास्तच लागू पडतो.

आणखी तक्रारी आहेत. पहिली भाषेची. भास्कर यांच्या १९९४ च्या एका पुस्तकातील वाक्याला १९९६ मध्ये एका विद्यानियतकालिकाच्या वाईट लेखनाच्या स्पर्धेत पहिले बक्षीस मिळाले होते, आणि ते अन्याय्य होते असे म्हणवत नाही. २००० मध्ये ते पूर्वेच्या अध्यात्माकडे वळले तेव्हा अनेक अनुयायी मागच्या पावली परत फिरले. पॉसन यांनी तर 'चिकित्सक' हे विशेषणच नको असे म्हटले. त्यांच्या मते मूल्यमापक मुक्तीची भाषा बोलू लागला की तो तपासणे सोडून उपदेश करतो. हा आक्षेप मला अर्धाच पटतो. पूर्ण पटला असता तर आंबेडकरांचा निबंध बाद करावा लागला असता.

जास्त गंभीर तक्रार ही की कारकयंत्रणा दिसत नाही असे एकदा मान्य केले की काहीही कल्पून 'ही ती' असे म्हणता येते. देवदत्त रात्री जेवतो हे ठीक, पण त्याला थायरॉइडचा विकारही असू शकतो. तेव्हा प्रतिस्पर्धी स्पष्टीकरणे शेजारी मांडणे आणि त्यांच्यात जिथे फरक पडेल अशी प्रकरणे मुद्दाम शोधणे, हे कष्ट टाळता येत नाहीत. आणि प्रसिद्ध झालेल्या बऱ्याच कामात ते टाळलेले आढळतात. यालाच जोडून दुसरी: खालचा थर ओळखतो कोण? विद्यापीठातला संशोधक म्हणतो, तुला वाटते ते कारण नाही, खरे कारण मी सांगतो. ज्यांच्याविषयी संशोधन होते ते दलित, आदिवासी, बायका आणि संशोधक बहुतेक वेळा दुसऱ्याच आळीतला, अशा ठिकाणी हे वाक्य जुन्या ओळखीचे वाटते. ह्यूस्टन यांनी २०१० मध्ये याची सांगड कृतिसंशोधनाशी घालून वाट काढायचा प्रयत्न केला. ती वाट बरोबर आहे, पण तिच्यावर पुरेशी वर्दळ नाही.

आपल्याकडे करण्यासारखे काम अगदी समोर पडले आहे: अपात्र ठरलेली प्रकरणे. टोकाची आणि बिघाडाची उदाहरणे पाहा असे डेनरमार्क सांगतात. इथे ती तहसील कचेरीच्या कपाटात गठ्ठ्याने बांधून ठेवलेली आहेत. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती, ज्यांचे कर्ज कागदावर नव्हते, ज्यांच्या जबाबात दारू आली, त्या घरांत काय होते ते पात्र घरांच्या शेजारी मांडून पाहायला हवे. त्यासाठी फार मोठा निधी लागत नाही. दुकानदाराची वही बघायला मिळणे अवघड आहे. पण हंगामाच्या आधी, उधारी सुरू व्हायच्या दिवसांत, त्याच्या बाकड्यावर आठवडाभर बसले तर कोण काय विचारते आणि कुणाला काय उत्तर मिळते, ते ऐकू येते.